नानांचं गाडगं

फोन आला तेव्हा वजनकाट्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागली होती आणि मी संगणक कक्षात प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढत होते. वाईजवळच्या गावाहून नानांचा पुतण्या बोलत होता. “ताई, नाना गेलं. सकाळी च्या घेतला, अंगणात उनाला बसलं, आन् बसल्या बसल्याच...” मी फोन ठेवला, कागदाची उरलेली पट्टी ओढून काढली आणि छपाई पुन्हा सुरू केली. हातातलं काम अर्धं टाकून उठायचं नाही, हे त्यांनीच अंगात मुरवलेलं. रडू आलं ते नंतर, बाहेर येऊन चपला घालताना. संगणक कक्षाच्या दाराशी चपला काढायला लावणारेही तेच. भल्याभल्या संचालकांना त्यांनी मोज्यांवर आत यायला लावलं होतं.

नाना म्हणजे दिनकर गायकवाड. फौजेत सिग्नलमध्ये नोकरी करून आलेले, आणि सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या आमच्या साखर कारखान्यात संगणक विभागाचे प्रमुख झालेले. विभाग म्हणजे तरी काय, ते आणि आम्ही तीन-चार ऑपरेटर मुली. मिशा पांढऱ्या, पँटची इस्त्री कडक, आवाज परेडच्या मैदानावरचा. टेबलावर चहाचा कप दिसला की ते आधी कपाकडे बघत, मग आपल्याकडे, आणि आपण मुकाट्याने कप उचलून बाहेर जायचो. पहिल्या महिन्यात मला त्यांचा इतका राग यायचा की घरी आईला सांगितलं होतं, ही नोकरी काही टिकायची नाही. आई म्हणाली, त्यांना सांग की मग. सांगायची हिंमत कुणाची होती!

कारखान्यात संगणक घ्यायचं ठरलं तेव्हा प्रत्येक खात्याला आपला वेगळा हवा होता. हिशेब विभागाला वेगळा, शेती विभागाला वेगळा, स्टोअरला वेगळा. पुण्याहून टाय लावून आलेला विक्रेता तर मान डोलावतच बसला होता, त्याचं काय जात होतं! नानांनी एकट्याने नाही म्हटलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे एकच दणकट सर्व्हर घ्यायचा आणि खात्याखात्यात नुसता पडदा आणि कळफलक द्यायचा, टर्मिनल म्हणून. काम सगळं त्या एका मशीनने करायचं, पण आपापल्या टर्मिनलवर बसलेल्याला वाटलं पाहिजे की मशीन आपल्या एकट्याचंच आहे. “पाच सुना आन् एक चूल आसली तरी सैपाक व्हतो गड्या,” ते त्या विक्रेत्याला म्हणाले, “फकस्त कुनी कवा तवा ठेवायचा ते ठरवाय लागतं.” विक्रेता हसला. नाना हसले नव्हते. पुढची सगळी वर्षं त्यांनी तेच ठरवण्यात घालवली.

कारण एक मशीन सगळ्यांनी वापरायचं म्हणजे भांडणं आलीच. हिशेबवाल्यांनी पगारपत्रक काढायला घेतलं की बाकीच्यांचे पडदे गोगलगायीसारखे सरकायचे. सगळ्यांत हाल काट्याचे. काटा म्हणजे उसाची गाडी वजन करायची जागा, कारखान्याच्या पार दुसऱ्या टोकाला, सगळ्यांत लांब केबलवर. तिथली पावती निघायला उशीर झाला की मागे रांग वाढते, आणि तोडलेला ऊस उन्हात वाळून वजनाला घटतो. नुकसान ज्याची गाडी मागे उभी आहे त्याचं. मग नानांनी नियमच घातला, की काट्याचं काम मशीनने सगळ्यांच्या आधी करायचं आणि जड कामं गाड्यांची गर्दी ओसरल्यावर. एका महिन्यात त्यापायी पगाराच्या चिठ्ठ्या उशिरा निघाल्या. कामगार दारात येऊन आरडाओरडा करून गेले आणि खरं सांगायचं तर त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण नाना हटले नाहीत. मी विचारलं, “नाना, काट्याचाच एवढा कैवार का?” त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, “आमचं रान पाटाच्या शेपटाला, पोरी. वरची मंडळी भिजवून मोकळी झाली की मंग उरलं तर आमाला पानी. लय वेळा उरायचंच न्हाई. आई बांधावर बसून ऱ्हायाची, येतंय का बघत... तवा शेपटाला आधी. हितं माज्या हातात हाय तवर तरी.” मग लगेच चष्मा लावून ओरडले, “तुजं काम झालं का?”

गाडग्याची गोष्टही आईचीच. घरात कितीही ओढाताण असली तरी त्यांची आई ज्वारीचं एक गाडगं राखेत कालवून, तोंड बांधून कोपऱ्यात ठेवायची. ते बियाण्याचं, त्याला कुणी हात लावायचा नाही. नानांनी सर्व्हरवर तसंच केलं. डिस्क म्हणजे मशीनचं कोठार. त्यातली बरीचशी जागा अडवून बसेल अशी एक फाइल त्यांनी तयार केली, आत काहीच नसलेली, नुसती शून्यं. इंग्रजी अक्षरांत तिचं नाव टाकलं, गाडगं. कधी अचानक डिस्क भरली तर मशीन जागच्या जागी थांबतं, मग साफसफाई करायलासुद्धा ते धड उसंत देत नाही. अशा वेळी हे गाडगं फोडायचं, तेवढी जागा मोकळी होते आणि काम पुढे चालतं. फोडलं की सवडीने साफसफाई करून परत भरून ठेवायचं. एवढंच ते होतं.

आमचे चीफ अकाउंटंट देसाई साहेब, माणूस सज्जन, पण ही फाइल त्यांच्या डोळ्यांत खुपायची. डिस्क भरत आली की ते कक्षात येत. “नाना, एक तर नवी डिस्क घ्या म्हणता येत नाही, खर्च तुम्हीच नको म्हणता. आणि इथे रिकाम्या जागेचा सातबारा स्वतःच्या नावावर करून बसलाय!” खोटं नव्हतं. फाइलींची यादी काढली की प्रत्येकीपुढे मालकाचं नाव दिसतं, आणि गाडग्यापुढे नानांचं होतं. नाना शांतपणे म्हणाले, “साहेब, आधी आपल्याकडचं काढा की.” आणि त्यांनी देसाई साहेबांच्या खात्यातली एक फाइल उघडून दाखवली. साहेबांच्या मुलीच्या लग्नाच्या आमंत्रितांची नावं, त्याच्या तीन प्रती. “आवं, पोरगी नांदाय लागली, बारसं झालं. आता तरी पाव्हन्यांस्नी घरी जाऊ द्या.” आम्ही मुली तोंडाला पदर लावून हसलो. साहेबही हसले, पण कान लाल झाले होते. दर काही दिवसांनी नाना असे खात्याखात्यात बसून एकेका जुन्या अहवालाकडे बोट दाखवायचे आणि विचारायचे, “हे कोन वाचतं?” कुणी वाचत नसेल तर तो डिस्कवरून काढून टेपच्या फितीवर साठवला जायचा. नवी डिस्क न घेता आमची वर्षं अशी निघाली. सगळ्यांना त्यांचा वैताग यायचा, मलाही यायचा.

निवृत्तीनंतर ते गावी गेले. शेवटची भेट साताऱ्याच्या स्टँडवर झाली. माजी सैनिकांच्या कँटीनमधून सामान घेऊन ते वाईच्या गाडीची वाट बघत होते, मी भावाकडून परत निघाले होते. बरेच वाळले होते. त्यांच्या घरच्या काकूंचं, माझ्या लग्नाचं, आंब्याला आलेल्या मोहोराचं बोलून झालं. गाडी लागली, पायरीवर पाय ठेवला आणि वळून म्हणाले, “गाडगं हाय न्हवं?” मी म्हटलं, “आहे, नाना. साहेब मागत असतात.” “द्यायचं न्हाई,” म्हणाले, आणि आत जाऊन खिडकीशी बसले. मला तेव्हा हसू आलं होतं.

नानांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मी आणि देसाई साहेब दोघेही गेलो. पांढरी साडी नेसलेल्या काकू, बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती, शेजारी नानांचा फौजी टोपीतला फोटो. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ऐन दुपारी, काट्यावरच्या तानाजीचा फोन आला. “बाई, पडदा मेला की! पावती निघंना. गाड्या पार गेटाभायेर गेल्यात, ऊस वाळाय लागलाय, मानसं अंगावर याय लागल्यात!” मी बघितलं. हिशेब विभागाचा एक अहवाल कुठेतरी बिघडून स्वतःलाच पुन्हा पुन्हा लिहीत सुटला होता आणि डिस्क काठोकाठ भरली होती. तो अहवाल मी थांबवला, पण जागा शिल्लक नव्हती. काय करायचं ते मला पाठ होतं. यादी काढली. गाडगं, आणि त्यापुढे नानांचं नाव.

माझा हात थांबला. निवृत्त होताना त्यांचं बाकी सगळं आम्ही आवरून टेपवर टाकलं होतं. त्या मशीनवर त्यांचं नाव दिसेल अशी हीच एक जागा उरली होती. फाइलीत काही नव्हतं, हे मला चांगलं माहीत होतं. तरी दुसरं काही पुसता येईल का म्हणून मी शोधायलासुद्धा लागले... इतक्यात तानाजीचा पुन्हा फोन, आणि त्याच्यामागे गाडीवानांचा कालवा. मला नानांचा आवाज स्पष्ट ऐकू आला. शेपटाला आधी. ज्यासाठी ते ठेवलं तो दिवस आला होता, आणि मी ते जपत बसले असते तर त्यांनी मला चपलांसकट बाहेर काढलं असतं. मी ते पुसलं. थोड्या वेळात काट्यावरून निरोप आला, पावत्या निघायला लागल्या. मी टर्मिनलवर डोकं ठेवून पोटभर रडून घेतलं. आमच्यातली धाकटी सुनंदा चहा घेऊन आली, दाराशीच थबकली आणि कप घेऊन परत गेली.

दुसऱ्या दिवशी देसाई साहेब चपला काढून आत आले. येऊन उगीच खिडकीबाहेर बघत उभे राहिले. मला वाटलं, मोकळी झालेली जागा मागायला आले. ते म्हणाले, “शैला, आमच्याकडचं जुनं काय असेल ते सगळं काढून टाक. मला विचारत बसू नको. पण ते... नानांचं गाडगं तेवढं परत भरून ठेव.”

मी सकाळीच भरलं होतं. नवी फाइल म्हणून तिच्यापुढे माझं नाव आलं होतं, ते मात्र बघवत नव्हतं. साहेबांच्या देखतच मी मालकाचं नाव बदललं. नानांचं खातं आम्ही अजून बंद केलेलं नाही, त्यामुळे मशीनने मुकाट्याने ऐकलं. यादी पुन्हा काढली. साहेब चष्मा वर करून वाकले, नाव वाचलं आणि जुन्याच थट्टेच्या सुरात म्हणाले, “मग वारसनोंद कधी करायची?”

“इतक्यात नको, साहेब,” मी म्हटलं.