कवळ्या करणारे भाऊजी आणि पडद्यावरचा देश

माझे धाकटे दीर कवळ्या करतात. दातांचे डॉक्टर तोंडाचे माप घेतात, तयार कवळी बसवतात आणि आभारही तेच घेतात. मधले सगळे काम प्लास्टरच्या धुळीत बसून दुसराच कोणी करत असतो. आमच्या घरी त्या कामाचे टेबल मागच्या खोलीत खिडकीखाली आहे. भाऊजी त्याच्यापाशी एकतीस वर्षे बसत आले. माझे यजमान गेल्यापासून मी वरच्या मजल्यावर एकटी असते, पण जेवण आणि दुपारचा चहा खालीच. त्यामुळे पुढचे सगळे मी पाहिलेले किंवा त्याच दिवशी ऐकून वहीत टिपलेले आहे.

या कामात हात चालवण्यापेक्षा वाट पाहणे जास्त. प्लास्टर घट्ट व्हायला पाऊण तास लागतो. मेणात दात बसवले की ते गार व्हावे लागते. मग मेण काढून त्या जागी गुलाबी लगदा भरायचा, पितळी डबी आवळून पाण्यात ठेवायची आणि मंद आचेवर दोन-अडीच तास शिजू द्यायची. पूर्वी या रिकाम्या वेळात भाऊजी टेबल झाडत, हत्यारे पुसत, माझ्याबरोबर चहा घेत. हातात कोणाच्या तरी जबड्याचा प्लास्टरचा साचा असे. तो फिरवून दाखवत म्हणत, "हा माणूस डावीकडूनच चावतो, वहिनी. उजवा जबडा नुसता पेन्शनीत बसलाय."

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या लेकीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली आणि तिचे खेळाचे यंत्र घरीच राहिले. पोरगी यात एवढे काय बघायची, ते पाहू म्हणून भाऊजी एका दुपारी, प्लास्टर घट्ट होईपर्यंत, टीव्हीसमोर बसले.

तो खेळ म्हणजे एक अख्खा देश आहे. मीही काही दुपारी शेजारी बसून पाहिला, आणि आवडला हे कबूल करते. दूरवर निळा डोंगर दिसतो. वाटते, नुसता रंगवलेला असेल. पण चालत राहिले की तो जवळ येतो, त्यावर चढता येते, आणि माथ्यावर पोचले की पलीकडे आणखी डोंगर. वाटेत गवत हलते, ढगांची सावली अंगावरून जाते. कुठे जायचे ते कोणी सांगत नाही. भाऊजींनी एकतीस वर्षे एकच भिंत पाहिली. आयुष्यात पाहिलेले सगळ्यात मोठे मैदान म्हणजे माणसाची टाळू, असे ते स्वतःच म्हणत. अशा माणसाला तो देश सोडवेना, यात मला नवल वाटले नाही.

शिवाय तिथे सगळ्यांना त्यांची गरज होती. राज्यावर मोठे संकट आलेले आणि ते निवारणे हे त्यांचे मुख्य काम. पण वाटेत एखादी म्हातारी भेटे, तिची शेळी हरवलेली असे. लोहाराला डोंगरातला कसलासा दगड हवा असे. भाऊजी कोणालाच नाही म्हणत नसत. दोन वर्षांत राज्यावरचे संकट होते तिथेच राहिले.

माझी जाऊ वाचनालयात काम करते, सहाला घरी येते. चपला काढता काढता विचारायची, "काय राजे, आज कोणाची शेळी सापडली?"

"शेळी नाही, घोडा होता."

"वा! तिकडे घोडे शोधता, आणि इकडे सकाळी सांगितलेला साबण आणायला विसरता."

"अगं, त्या बिचाऱ्याचा एकुलता एक घोडा."

"आणि माझा नवरा काय डझनाने आहे?"

आम्ही हसायचो. भाऊजीही हसायचे. खेळातल्या गावकऱ्यांचे दात नीट रंगवलेले नाहीत, सुळे उलटे बसवलेत, अशी त्यांची तक्रार असे. हसण्याच्या नादात किती महिने गेले, ते वही चाळल्यावर कळले. आधी कामामधल्या रिकाम्या वेळात खेळ असे. मग खेळातून वेळ उरला तर काम होऊ लागले. तीन डॉक्टरांपैकी दोघांनी काम पाठवणे थांबवले. उरल्या एक डॉक्टरीणबाई.

मी एकदा विचारले, "भाऊजी, इथली माणसं खोळंबतात, त्याचं तुम्हाला काही वाटत नाही?"

ते म्हणाले, "तिथं कोणी खोळंबत नाही ना, वहिनी. महिनाभराने गेलं तरी म्हातारी त्याच दारात उभी असते. 'आलास का बाळा' म्हणते. तिचा दिवस पुढे सरकलेलाच नसतो."

एका मंगळवारी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्यांच्याकडे एक निवृत्त निवेदिका येत होत्या. पूर्वी रेडिओवर बातम्या वाचत. नऊ वर्षांनी त्यांना पुन्हा ध्वनिमुद्रणाला बोलावणे आले होते, शनिवारी. दात सगळे गेलेले. मेणावरची कवळी तोंडात लावून पाहिली होती, ती ठीक होती. फोनचा आवाज मोठा होता, मला टेबलापाशी ऐकू आला.

"शुक्रवारी संध्याकाळी कवळी हवी. मागच्या तिन्ही उशिरा आल्या. ही चुकली तर मला दुसरीकडे बघावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका."

"शुक्रवार कशाला? बुधवारीच देतो," भाऊजी म्हणाले.

बुधवारी नऊला डबी पाण्यात पडायला हवी होती. जाऊ कामावर गेली आणि भाऊजी एक गुहा तेवढी संपवायला बसले. पाऊणला मी जेवायला खाली आले, तर डबी टेबलावर कोरडीच. मला पाहून ते उठले, डबी पातेल्यात टाकली आणि शेगडी पूर्ण मोठी केली.

"मोठ्या आचेवर?" मी विचारले. इतकी वर्षे पाहून मलाही तेवढे कळते.

"एखाद्या वेळी चालतं, वहिनी."

पाचला त्यांनी डबी उघडली. कवळी बाहेर काढायची तर भोवतालचे प्लास्टर फोडावे लागते, साचा त्यातच जातो. हातोडीचे ठोके मला वर ऐकू आले, मग एकदम थांबले. मी खाली गेले. भाऊजी कवळी खिडकीच्या उजेडात धरून उभे होते. मागच्या जाड भागात बुडबुडेच बुडबुडे होते, सोड्याच्या ग्लासात असतात तसे.

"दुसरा साचा असेल ना?" मी म्हटले. पूर्वी ते प्रत्येक मापाचे दोन साचे ओतत आणि एक फळीवर ठेवून देत. कधीच चुकत नसे.

"नाही केला." मग हसले, पण ते हसणे नव्हते. "तिकडे प्रत्येक दारापाशी आधी खेळ सेव्ह करतो, बघा. मेलो तर तिथूनच पुन्हा सुरू."

जाऊ आली तेव्हा ते पॉलिशच्या यंत्रापाशी बसले होते. यंत्र बंद होते.

"वरून पॉलिश चढवलं तर दिसणार नाही," ते म्हणाले. "शनिवार निघेल."

"आणि रविवारी?"

"रविवारपासून हिरड्या सोलवटायला लागतील. महिन्याभरात वास यायला लागेल."

"म्हणजे तिला तुम्ही ते तोंडात घालायला देणार?"

मी पुढच्या टोमण्याची वाट पाहत होते. जाऊने पर्स खाली ठेवली, पुन्हा उचलली. "दवाखाना सातपर्यंत उघडा असतो. मी येऊ बरोबर?"

"नको," ते म्हणाले. हात धुतले, फुटकी कवळी असावी तशी ती चांगली दिसणारी कवळी कागदात गुंडाळली आणि गेले.

निवेदिकाबाईंना गुरुवारी सकाळी पुन्हा माप द्यायला यावे लागले. भाऊजी तिथे थांबले होते. बाई तोंडापुढे रुमाल धरून बोलत होत्या, कारण शब्द नीट उमटत नव्हते. रागावल्या नाहीत. "शनिवारचं होईल ना?" एवढेच दोनदा विचारले. हे सांगताना भाऊजींनी ताटातला हात थांबवला.

गुरुवार आणि शुक्रवार टीव्ही लागला नाही. त्यामुळे काम भराभर झाले असे मात्र नाही. हातांची सवय मोडली होती. एक दात तीनदा काढून बसवावा लागला. आच मंद ठेवून ते पातेल्याशेजारी स्टुलावर अडीच तास बसून राहिले, आणि मी चहा नेला तेव्हा कपाकडे पाहिलेसुद्धा नाही. एकतीस वर्षे जे सहज होत होते, त्याने दोन दिवसांत त्यांना पार पिळून काढले.

शुक्रवारी संध्याकाळी कवळी पोचली. रात्रीच्या जेवणाला बसलो तेव्हा जाऊने विचारले, "बसली?"

"बसली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साठपासून सत्तरपर्यंत मोजा. नव्या दातांना स आणि ष जमतो का ते त्यात कळतं. बाई ताठ बसल्या, रुमाल बाजूला ठेवला. आणि काय सांगू, साठ, एकसष्ट, बासष्ट... बातम्या वाचतात तशा. बाहेर बसलेले लोक दारात येऊन उभे राहिले. सदुसष्ट, अडुसष्ट, कुठे शीळ नाही, काही नाही."

"मग तोंड असं का केलंय?"

भाऊजींनी भात कालवला, पण घास घेतला नाही.

"बाई गेल्यावर मला बसवलं. म्हणाल्या, खरं सांगायला आलात म्हणून दुरुस्तीची कामं तुमच्याकडेच देत जाईन. तडा गेलेल्या, तुटलेल्या. नव्या कवळ्या दुसरीकडे. तिथे बोलणं झालंय. बुधवारीच."

"तुम्ही काही म्हणाला नाहीत?"

"काय म्हणणार? चहा मागवला माझ्यासाठी. रागावल्या असत्या तर काही बोलता आलं असतं."

जाऊने त्यांच्या पानात वरण वाढले. "थंड होतंय, जेवा."

सोमवारी पहिली दुरुस्ती आली. मधोमध तडकलेली वरची कवळी, बरीच जुनी. भाऊजींनी ती उलटी करून पाहिली आणि मला दाखवली. त्यांच्याच हातची होती, अठरा वर्षांपूर्वीची. ते खिडकीखाली बसले आणि नवा लगदा भरण्याआधी तडा घासायला लागले.