गहिनीनाथचा चंद्र

तेलगावच्या बसस्टँडमागे गहिनीनाथचं 'साउंड अँड लाइट' दुकान आहे. रंगभूमीवर हयातभर मी राजे आणि सरदार पाहिले, पण स्क्रू काढताना इतकी मान ताठ ठेवणारा दुसरा महापुरुष पाहिला नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही चार म्हाताऱ्या नटांनी गावात जुन्या नाटकातला एक प्रवेश बसवला. आमच्यातल्या वत्सलाबाईंना शेवटचं एकदा गायचं होतं. मोतीबिंदूमुळे त्यांना माणसं दिसत नाहीत, उजेड तेवढा कळतो. म्हणून ठरलं, मागचा चंद्र हळूहळू उजळेल, आणि तो भरून आला की बाई पद उचलतील. चंद्र म्हणजे पांढऱ्या कापडामागे मोटारसायकलचा बारा व्होल्टचा बल्ब.

दुपारी गहिनीनाथने जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमधला आवाजाचा कंट्रोल बॅटरीला जोडला, बटन मध्यावर आणलं आणि मीटर लावला.

"बघा नाना! निम्मं बटन, निम्मे व्होल्ट. सहा! हाय का न्हाई?"

बल्ब न लावताच स्वारी चहाला गेली.

संध्याकाळी माणसं येऊन बसली. पडद्याआड त्याने बल्ब जोडला. अंधार. बल्ब काढून मीटर लावला, तर सहा. "बल्बच खोटा हाय." दुसरा लावला. अंधार. काढला, मोजलं, पुन्हा सहा. "समदे दुकानदार चोर हायेत!"

"अरे, बल्ब जोडलेला असताना मोज की."

"नाना, तुमी तोंडाला रंग लावा. लाइन माझी हाय."

विजेतलं मला थोडंच कळतं. मीटर म्हणजे घोटभर पाणी पिऊन उठणारा पाहुणा. त्याच्यासमोर बटनाची वाटणी शाबूत राहते. बल्ब म्हणजे पंगतीला बसलेला पहिलवान. त्याला लागणारा करंट कंट्रोलच्या वरच्या भागातून यावा लागतो, आणि तिथला अडथळा बल्बाच्या कितीतरी पट. मग जवळजवळ सगळे व्होल्ट वरच खर्ची पडतात, बल्बाच्या वाट्याला काहीच येत नाही. रिकाम्या सभागृहात तालीम करून स्वतःवरच फिदा होणारे नट मी पुष्कळ पाहिलेत. गहिनीनाथ त्यांच्याच जातकुळीतला.

"उजेड आला का?" नऊवारी नेसून उभ्या असलेल्या वत्सलाबाईंनी विचारलं.

गहिनीनाथने चिडून बटन टोकापर्यंत नेलं. बल्बाची तार जरा लाल झाली, आणि सगळा भार कंट्रोलच्या आतल्या कार्बनच्या पट्टीच्या उरलेल्या चिमूटभर तुकड्यावर येऊन तिच्यातून धूर निघाला.

"काय जळतंय रे?"

"धूप लावलाय बाई. वातावरणासाठी!"

आमच्या नाटक कंपनीत पूर्वी वापरायचे तो उपाय मला आठवला. प्लास्टिकच्या बादलीत मिठाचं पाणी केलं. जळका कंट्रोल काढून बल्ब सरळ बॅटरीला जोडला, आणि त्याची एक तार मध्ये तोडून तिच्या दोन टोकांना पत्र्याचे दोन तुकडे बांधले. एक पत्रा पाण्यात सोडला, दुसरा गहिनीनाथच्या हाती दिला. "हळूहळू बुडव. आणि तोंड मीट."

पडदा उघडला. पत्रा पाण्यात उतरत गेला, तसतसा चंद्र उजळत गेला. वत्सलाबाईंनी चेहरा त्या उजेडाकडे वळवला, श्वास घेतला आणि पद उचललं. सूर लागला होता.

पडदा पडल्यावर बाहेर गहिनीनाथचा आवाज आला, "वॉटर सिस्टीम! आपली आयडिया!"

"चंद्र कुणी लावला हो, नाना?" बाईंनी विचारलं.

"गहिनीनाथने," मी म्हणालो. पद संपेपर्यंत तो गप्प बसला होता. तेवढ्यासाठी अख्खा चंद्र त्याला देऊन टाकायला माझी हरकत नव्हती.