पाथर्डीचा वळीव आणि सहा बाजा कुरडया

पुण्याहून निघताना माझ्या यादीत चौदा बाबी होत्या. शेवटची होती हवामान, आणि तिच्यापुढे मी दोनदा टीक केली होती. मोबाईलवर अंदाज स्पष्ट होता: उद्या दुपारी चारनंतर नगर जिल्ह्यात विजांसह पाऊस, पुढचे दोन दिवस उकाडा कमी. मे महिन्यात पाथर्डीकडे जाणाऱ्या माणसाला यापेक्षा गोड बातमी नाही. पण मी निघाले होते कुरडया घालायला, आणि कुरडयांना कडक ऊन लागतं.

माझी डी.एड.ची मैत्रीण सुनंदा पाथर्डीजवळच्या एका खेड्यात शिक्षिका आहे. तिच्या मुलीचं, अश्विनीचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. रुखवतात घरच्याच कुरडया हव्यात, हा तिचा हट्ट. तीन दिवस भिजवलेला गहू वाटून, गाळून चीक (गव्हाचं दाट सत्त्व) तयार होता. उद्या तो शिजवला नाही तर आंबणार, आणि पुन्हा गहू भिजवायला सवड नव्हती.

"सहाला चीक शिजवायचा, नऊपर्यंत घालून मोकळं व्हायचं आणि साडेतीनला उचलायचं," मी फोनवर सांगितलं.

"तू मुख्याध्यापक झाली नाहीस, हे शाळेचं नशीब," सुनंदा म्हणाली.

नगरला बस बदलली. करंजी घाटात गाडी वळणं घेऊ लागली तशी खिडकीतून भट्टीसारखी झळ आत आली. डोंगर उघडेबोडके, मधेच एखादा लालभडक गुलमोहर. पाथर्डीतून पुढे जीप. मागच्या बाकावर आम्ही सात जण, आणि माझ्या मांडीवर कुणाची तरी आंब्यांची पिशवी. पिशवीचे मालक फेटेवाले आजोबा होते.

"उद्या पाऊस आहे म्हणतात," मी म्हटलं.

"येऊ द्या की. लई तापलंय. तुमाला काय वाळत घालायचंय का?"

"कुरडया."

आजोबांनी जीपबाहेर डोकं काढून आभाळाकडे पाहिलं. "मग त्याला परवा या म्हना."

सकाळी सहाला अंगणात चूल पेटली. सुनंदा लाकडी काठीने चीक घोटत होती आणि मी घड्याळ बघत होते. शिजलेला गरम चीक तिने वाटीत घालून वर कच्चं तेल सोडलं. मी तीन वाट्या खाल्ल्या. यादीत न्याहारीला दहा मिनिटं होती, अर्धा तास गेला. शेजारच्या भागाबाई मदतीला आल्या. त्यांचं घर सहा महिने ऊसतोडीला जातं, आणि नुकतंच कारखान्यावरून परतलं होतं. सोऱ्या दाबायला त्यांच्यासारखा हात नाही. सहा बाजांवर (सुंभाने विणलेल्या खाटांवर) जुन्या साड्या अंथरून आम्ही पांढऱ्या, गुलाबी, हिरव्या कुरडया घातल्या. नऊ वाजून पाच मिनिटं. मी खूश.

बारा वाजता भागाबाईंनी डोंगराकडे बोट दाखवलं. तिथे काळपट ढग जमले होते.

"अंदाज चारचा आहे," मी मोबाईल पुढे केला.

"बाई, तुमच्या मोबाईलला आमचा डोंगर दिसतुय का?"

सव्वाला वारा सुटला. कुरडया वरून सुकल्या होत्या, पोटात ओल्याच. आम्ही चौघींनी पहिली बाज उचलून दारापर्यंत नेली आणि तिथेच अडलो. आडवी बाज दारातून जाईना. उभी केली तर सगळं घसरून खाली. मोजमाप घेणं माझ्या यादीत नव्हतं. अश्विनी साडीची टोकं दाबून धरत राहिली.

"ठेवा खाली," भागाबाई म्हणाल्या आणि भिंतीपलीकडे ओरडल्या, "अवो, कोपी काढा."

कोपी म्हणजे ऊसतोडीच्या तळावरची त्यांची झोपडी: बांबू, दोर आणि मोठं काळं प्लास्टिक. भागाबाईंचे यजमान, मुलगा आणि सून सगळं खांद्यावर घेऊन आले. कुणी कुणाला काही विचारलं नाही. एकाने पहारीने खड्डे घेतले, एकाने बांबू रोवले, सुनेने गाठी मारल्या. मी घड्याळ बघायचंही विसरले. सहाही बाजा आत सरकवल्या आणि टपोरे थेंब प्लास्टिकवर ताशासारखे वाजू लागले.

आम्ही सगळे आतच उकिडवे बसलो, कुरडयांना अंग चोरून. वीज कडाडली की सुनंदा माझा दंड धरायची.

"सहा महिनं आमी हिच्यात ऱ्हातो," भागाबाई म्हणाल्या. "आज कुरडयांचा नंबर."

"भाडं घे मग," त्यांचे यजमान म्हणाले.

"घेनार. लग्नात दोन जिलब्या जास्त."

कडेची एक बाज कोपऱ्यात भिजली. तिथल्या आठ-दहा कुरडयांचा पुन्हा चीक झाला. बाकी सगळ्या वाचल्या. तासाभराने पाऊस थांबला तेव्हा गार वाऱ्याने अंगावर काटा आला. त्या रात्री पाथर्डीच्या मे महिन्यात मी गोधडी मागून घेतली.

पुढचे दोन दिवस हवा गार, ऊन मात्र लख्ख. निघायच्या सकाळी भागाबाईंनी एक कुरडई कानाशी धरून मोडली. कट्. "झाली," त्या म्हणाल्या. अश्विनीने श्वास सोडला आणि पहिल्यांदा हसली.

परतीच्या बसमध्ये करंजी घाट चढताना खिडकीतून थंड वारा येत होता. मांडीवरचा कुरडयांचा डबा सांभाळत मी पुढच्या वेळची यादी लिहायला घेतली. पहिलीच बाब लिहिली: प्लास्टिक, बांबू, दोर. मग ती खोडली आणि लिहिलं: आधी भागाबाईंना विचारणे.