मच्छरदाणीत रंगवलेला बंपर

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत की आजीच्या नखांत हिरवं काय आहे. मी मेथी निवडत होते असं सांगून मोकळी झाले. ते खोटं होतं. मी गाडीचा बंपर रंगवला होता. फोनवर खरं सांगितलं असतं तर तुमच्या बाबाने तासभर माझ्या दम्याची चौकशी केली असती, म्हणून सगळं नीट लिहून पाठवते आहे.

गाडी आपली नाही. आपल्या मुर्रीच्या घरामागच्या दोन खोल्यांत जी बाई भाड्याने राहते तिची आहे. मागच्या दिवाळीत तिनेच तुम्हाला चोरखमारा गेटमधून जंगलात नेलं होतं. धाकट्याने अस्वलाची विष्ठा पाहून ती डबीत भरून न्यायचा हट्ट धरला, तेव्हा त्याला समजावणारी तीच. सहा वर्षं ती दुसऱ्याची सफारी गाडी चालवत होती. या उन्हाळ्यात तिने स्वतःची घेतली. जुनी, उघडी, चारही चाकांना जोर असलेली. स्वस्तात मिळाली, कारण आधीच्या शौकिनाने ती भडक नारिंगी रंगवून तिच्यावर ज्वाला काढल्या होत्या आणि तो ती लग्नाच्या वरातीला भाड्याने देत असे.

आता जंगलात नारिंगी गाडी चालत नाही. मळकट हिरवी हवी. पावसाळ्यानंतर गेट उघडायच्या आधी गाड्यांची तपासणी होते, आणि त्यात पास होणारी गाडीच त्या हंगामात पाळीपाळीने पर्यटक नेणाऱ्या गाड्यांच्या यादीत लागते. यादी चुकली की वर्ष गेलं. मग तिला पुन्हा जुन्या मालकाकडे ड्रायव्हर म्हणून जावं लागलं असतं. ही निघाली तेव्हा तो म्हणाला होता की दिवाळीच्या आत परत येशील, तुझी चावी खिळ्यालाच टांगून ठेवतो.

गॅरेजवाल्याने गाडीचा पत्रा हिरवा करून दिला, पण प्लास्टिकला हात लावायला तयार होईना. प्लास्टिक रंग धरत नाही, पोपडे निघतील, नवीन घ्या, असं त्याचं म्हणणं. या जुन्या गाडीचं नवीन प्लास्टिक कुठेच मिळत नव्हतं. त्यामुळे तपासणीला सहा दिवस उरले असताना ती आपल्या अंगणात आली ती हिरव्या गाडीत, पण दोन्ही बंपर नारिंगी, चाकांवरच्या चारही कमानी नारिंगी आणि आरशांची टोपणं नारिंगी. आजोबा पेपर खाली ठेवून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पोपट आहे. चोचीसकट."

माझ्याकडे ती का आली, तर डब्यांच्या मागची बारीक इंग्रजी अक्षरं वाचणारी या गल्लीत मी एकटी आहे. औषधांच्या घडीपत्रिका, खताची पोती, कुकरच्या सूचना, सगळं लोक माझ्याकडे घेऊन येतात. तिने गोंदियाच्या रंगाच्या दुकानातून प्लास्टिकसाठीचा खास प्रायमर आणि हिरव्या स्प्रेचे डबे आणले होते. मी चष्मा लावून तीनही डबे वाचले आणि कॅलेंडरच्या मागे सहा दिवसांचं वेळापत्रक आखलं. खोलायचं, जुना रंग काढायचा, धुवायचं, प्रायमर, रंग, वाळवण.

खोलणं सोपं गेलं. प्रत्येक भागाच्या आतल्या बाजूला खडूने नंबर टाकला आणि त्याचे स्क्रू मी औषधाच्या सात कप्प्यांच्या डबीत ठेवले. सोमवारच्या कप्प्यात पुढचा बंपर, मंगळवारी मागचा. आजोबांनी दुपारी सवयीने ती डबी उघडली आणि मला विचारलं की डॉक्टरांनी आता लोह सुरू केलं का.

जुना रंग काढताना पहिली चूक झाली. गॅरेजवाल्याने तिला सांगितलं होतं की थिनर ओता, रंग लोण्यासारखा उतरतो. मी डब्यावरची सूचना वाचून होईपर्यंत तिने आरशाच्या एका टोपणावर थिनर ओतलं होतं. रंग उतरला खरा, पण खालचं प्लास्टिकही चघळलेल्या चॉकलेटसारखं मऊ झालं आणि त्यावर तिच्या अंगठ्याचा ठसा उमटला. "हे तं पंचनाम्यासारखं झालं," ती म्हणाली. ते टोपण आम्ही कडक व्हायला बाजूला ठेवलं आणि बाकीचं सगळं हातानेच घासलं. पाण्याचा पॉलिश पेपर, बादलीत भांड्याचा साबण, आणि दोन पाट. आधी जाड पेपर, मग बारीक. नारिंगी पाणी अंगणभर झालं. दोन दिवस आम्ही घासत होतो आणि ती मला जंगलातल्या गोष्टी सांगत होती. एकदा वाघीण गाडीच्या सावलीत येऊन बसली, तेव्हा मागच्या सीटवरचे साहेब ओरडू नयेत म्हणून हिने त्यांच्या तोंडात बिस्किट कोंबलं होतं. तिसऱ्या दिवशी प्लास्टिक गुळगुळीत काळं दिसायला लागलं. स्पिरिटने पुसून प्रायमर मारला. सगळं माझ्या वेळापत्रकाप्रमाणे चाललं होतं, आणि मला त्याचा जरा गर्वही झाला होता.

शुक्रवारी दुपारी हिरव्याचा पहिला हात मारला. सगळे भाग अंगणातल्या दोरीला तारेने टांगले आणि आम्ही चहाला आत आलो. बाहेर जाऊन पाहतो तो ओल्या रंगावर बारीक काळे ठिपके. बंपरवर, कमानींवर, सगळीकडे. तीळ पेरल्यासारखे.

ती राख होती. आपल्या गल्लीच्या टोकाला उसना, म्हणजे उकड्या, तांदळाची मिल आहे, हे तुम्हाला माहीत आहे. दुपारी तिचा बॉयलर पेटतो आणि चिमणीतून कोंड्याची राख उडते. गल्लीतली कुठलीही बाई त्या वेळी पापड बाहेर ठेवत नाही. मी स्वतः तीस वर्षं घड्याळ बघून पापड आत घेते. पण रंग म्हणजे पापडच, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

ती पायरीवर बसली. मग म्हणाली की जुन्या मालकाला फोन करते, चावी खिळ्यालाच असेल. ती गाडीकडे बघत म्हणाली, "मले एकदा तरी आपल्या गाडीत बसून गेटवर जायचं होतं, काकू. दुसऱ्याची नाई, आपली."

मला समजूत घालता येत नाही. मी म्हटलं, "आधी वाळू दे. ओल्या रंगावर काही ठरवायचं नसतं."

"वाळून काय होईल?"

"वाळलं की घासता येईल. सोमवार आहे ना तपासणी? मग दोन दिवस आहेत."

शनिवारी सकाळी आम्ही ठिपके बारीक पेपरने घासून काढले. आता प्रश्न राखेचा. मिल काही आमच्यासाठी थांबणार नव्हती, आणि बंद खोलीत स्प्रे मारायचा नाही असं डब्यावर ठळक लिहिलं होतं. हवा यायला हवी आणि राख यायला नको. हे वाक्य मी मोठ्याने म्हटलं असावं, कारण आजोबा आतून म्हणाले, "मच्छर यायला नको आणि हवा यायला हवी, त्याचं आहे आपल्याकडे."

आमच्या पलंगाची मोठी मच्छरदाणी आली. अंगणात चार बांबू रोवून ती ताणून बांधली, जाळी रंगाला टेकणार नाही इतकी मोकळी जागा आत ठेवली, आणि वर एक जुनी साडी घातली. आत आम्ही दोघी, तोंडाला मास्क, अंगावर आजोबांचे जुने शर्ट. सकाळी बॉयलर पेटायच्या आत एक हात, आणि जाळी आहेच म्हणून संध्याकाळी दुसरा. शेजारची मुलं कुंपणावर बसून बघत होती. एकीने विचारलं, काकू, तुम्ही काऊन मच्छरदाणीत बसून राहिल्या, तर आजोबांनी सांगितलं की बंपरला डेंग्यू झाला आहे.

रंग सुरेख बसला. मऊ झालेलं टोपणही घासून रंगवल्यावर चाललं, ठसा जवळून पाहिला तरच दिसतो. रविवारी वाळू दिलं. तुमचा फोन आला तेव्हा मी शेवटच्या कमानीचे स्क्रू लावत होते. मच्छरदाणीची एक बाजू कायमची हिरवी झाली आहे, आणि आजोबांना त्यातच झोपावं लागतं.

सोमवारी सकाळी ती गाडी घेऊन गेली. दुपारी परत आली ती तोंड पाडून.

"पास झाली," ती म्हणाली.

"मग चेहरा असा का?"

"टायर पाह्यले, ब्रेक पाह्यला, कागद पाह्यले. बंपरकडे साहेबानं पाह्यलंच नाई, काकू. मी म्हटलं, साहेब, या बाजूनं बी पाहा ना. तं मले विचारते, इथं काय आहे?"

"तू काय सांगितलंस?"

"काई नाई म्हटलं. मग ठीक आहे म्हणाले अन् शिक्का मारला."

आजोबा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. तीही हसायला लागली. मग आजोबा आत गेल्यावर पेढ्याचं पुडकं माझ्या हातात देऊन तिने एक गोष्ट सांगितली, जी आजोबांसमोर सांगायला तिला लाज वाटत होती. यादी लिहिणाऱ्या बाबूने गाडीमालकाचं नाव विचारलं, आणि सहा वर्षांच्या सवयीने हिने जुन्या मालकाचं नाव सांगितलं. बाबूने ते लिहिलंही. ही चार पावलं चालून गेली, मग थांबली, परत आली आणि त्याला म्हणाली की चुकलं, ते नाव कापा.

तिने फोनमध्ये त्या यादीचा फोटो दाखवला. कागदावरची खाडाखोड मला चालत नाही, तुम्हाला तुमच्या वह्यांवरून ठाऊक आहे. इथे एक नाव आडव्या रेघेने कापलेलं होतं, आणि वर जागा कमी म्हणून जरा तिरकं, घाईत, तिचं लिहिलेलं होतं. शेजारी तिची सही. मी तो फोटो बोटांनी मोठा करून पुन्हा वाचला.