सात खून आणि एक कुंडी

रक्त दिसलं की मी पडतो. एरवी माझी तब्येत उत्तम आहे.

सातवीतून शाळा सोडून मी कोकणातून वर्ध्याला आत्याकडे आलो. आमचे आतोबा दवाखान्यात ड्रेसर. बिचाऱ्यांनी डॉक्टरांना गळ घालून माझ्यासाठी मदतनिसाची जागा धरून ठेवली होती. सोमवारी हजर व्हायचं. जमलं नाही तर परतीची गाडी, आणि दारात वडील! (त्यांना घाबरायला मला रक्त लागत नाही.)

शनिवारी भोपळा चिरताना आत्याचं बोट कापलं आणि मी चुलीपाशी आडवा!

"अबे, लागलं तिले, अन् पडून राह्यला तू?" आतोबा ओरडले.

"सवय नाही हो, आतोबा..."

"मंग सवय कराची! उद्या सिनेमाले चाल. गुप्तहेराचा हाय. सात खून हायेत म्हन्ते!"

रविवारी दुपारच्या खेळाला आम्ही तिघं गेलो. मी बाक गच्च धरलं. खलनायकाने पिस्तूल रोखलं... आणि पडद्यावर माणसाऐवजी एकदम कुंडी आली! 'ठो!' कुंडी फुटली. एक खून झाला! पुढच्याला चार गोळ्या लागल्या. त्याने टाय नीट केला आणि कोचावर सुबक आडवा झाला.

आतोबांचा जन्म जखमा धुण्यात गेलेला. ते ताडकन उठले. "अरे, भोक कुठं हाय? पट्टी कुठं बांधाची? उठवा त्याले, झोपला हाय तो!"

"खाली बसा ना, भाऊ!" मागून आवाज.

"अहो, लोक पाहून राह्यले!" आत्याने त्यांचा सदरा ओढला.

मी मात्र खूश! सात खून पचवून छाती काढून बाहेर आलो. "बघा आतोबा, मला काही झालं नाही!"

"मेलेल्याईले तरी कुठं काय झालं?"

सोमवारी डॉक्टरांनी विचारलं, "घाबरत नाहीस ना?"

"छे! कालच सात खून पाहिले!"

डॉक्टरांनी खुर्ची जरा मागे घेतली.

तेवढ्यात पायावर कुऱ्हाड लागलेला एक माणूस आला. आतोबांनी त्याचं फडकं सोडलं. आता कुंडी येईल म्हणून मी वाट पाहिली. दवाखान्यात कुंडी नव्हती.

शुद्धीवर आलो तेव्हा मी खाटेवर होतो आणि तो जखमी माणूस मला वारा घालत होता! डॉक्टर हसून म्हणाले, "लिहिता तरी येतं का रे?" आणि मला केसपेपरच्या खिडकीत बसवलं. त्यांचे उपकार जन्मभर फिटायचे नाहीत.

पहिला केसपेपर माझाच. नाव, गाव, वय लिहिलं. "आतोबा, 'तक्रार' पुढे काय लिहू?"

"लिही," आतोबा हात पुसत म्हणाले, "आठवा खून!"