निरंकराव

बंदराच्या कचेरीत त्यांना खऱ्या नावाने कुणीच हाक मारत नसे. साहेबाच्या पट्टेवाल्यापासून धक्क्यावरच्या हमालांपर्यंत सगळ्यांचे ते निरंकराव.

वरच्या मजल्यावर खिडकीपाशी दुर्बीण, भिंतीवर हवेचा दाब दाखवणारी पाऱ्याची नळी आणि टेबलावर रोजची नोंदवही. जहाजाचं नाव, कुठून आलं, माल काय, वारा कुठला, पारा किती, असे रकाने. शेवटचा रकाना नुकसानीचा. तो मोकळा सोडायचा नाही, असा गोऱ्या साहेबाचा दंडक. काही बुडालं नसेल तर तसं लिहा! म्हणून निरंकराव तिथे रोज 'निरंक' लिहीत, आणि तेही अशा झोकदार अक्षरात, की काही न घडल्याचा एवढा थाट दुसऱ्या कुठल्या कचेरीत नसेल.

पुढे हा शब्द त्यांच्या जिभेलाच चिकटला. बायकोने "डब्यात साखर आहे का बघा हो" म्हटलं की आतून आवाज यायचा, "निरंक!" ती कपाळाला हात लावायची. लेक मात्र खूश. तिने त्याचा खेळच केला होता. अप्पा निरंक म्हणाले की ती धावत येऊन त्यांच्या तळहातावर मूठ आपटायची आणि ओरडायची, "शिक्का!" शिक्क्याशिवाय नोंद पक्की होत नाही, हे तिला बाराखडीच्या आधीपासून ठाऊक.

मोठी झाल्यावर ती पडाववाल्याच्या घरात पडली. मोठी जहाजं बाहेर खोल पाण्यात उभी राहत आणि जावई त्यांचा माल आपल्या पडावातून, म्हणजे मालाच्या होडीतून, धक्क्याला आणी. गडी हसतमुख. खिडकीखालून जाताना वर बघून टोपी हलवायचा. निरंकरावांना त्याचं कोण कौतुक! पण नोंदवहीत पडावांना जागा नव्हती, त्यामुळे जावई रोज येऊनजाऊनही सासऱ्याच्या हिशेबी कधी आलाच नव्हता.

त्या दिवशी पारा भराभर उतरला. निरंकरावांनी आकडा लिहिला, वादळाचा बावटा चढला, जहाजांनी जादा नांगर टाकले. पडाव तोवर माल घेऊन निघाले होते. बाकीचे कसेबसे धक्क्याला लागले. जावयाचा आला नाही.

दुसऱ्या दिवशी छान ऊन पडलं. पट्टेवाला वर आला आणि दारातच घुटमळला.

"पडाव पालथा सापडलाय, बांधाच्या दगडांत. जहाजावरच्या लोकांनी जावईबापूंना बुडताना पाहिलं, राव."

"बरं," निरंकराव म्हणाले.

शेजारच्या टेबलावरचे हेडक्लार्क खुर्ची सोडून जवळ आले. "तुम्ही घरी जा. आजची नोंद मी करतो."

"नको. शेवटच्या रकान्यात काय लिहू?"

हेडक्लार्कनी खाकरून घसा साफ केला. "जहाजं सगळी शाबूत आहेत. पडाव आपण धरत नाही. तुम्हाला काय सांगायचं?"

खरंच होतं. नव्या कारकुनांना हा नियम निरंकराव स्वतःच शिकवत आले होते. त्यांनी टाक बुडवला आणि लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच झोकदार आलं. हात थोडा कापला असता तर बरं झालं असतं. रडू येत नव्हतं, रागही येत नव्हता. आपल्याला काहीच कसं वाटत नाही, याचीच त्यांना भीती वाटली. शाई वाळेपर्यंत ते तिच्याकडे बघत बसले.

जिन्यावर पावलं वाजली. लेक धापा टाकत आत आली.

"अप्पा, खाली कुणी धड बोलत नाही. जो तो म्हणतो, वडलांना विचार. ह्यांचं काही कळलं का?"

बस बाळ, म्हणायचं होतं. आधी पाणी पी, म्हणायचं होतं. निरंकरावांनी तोंड उघडलं आणि जिभेवर जे कायम बसलेलं होतं तेच बाहेर पडलं.

"निरंक."

हेडक्लार्कनी मान फिरवली. अजून बातमी नाही, असाही त्याचा अर्थ घेता आला असता. पण लेकीने अप्पांचा चेहरा पाहिला होता. त्यांनी तिला धरायला हात पुढे केला. तो पसरलेला तळहात ती बघत राहिली.

मग तिने मूठ वळली, हळूच त्यावर टेकवली आणि तशीच ठेवली.