सगळ्या बटनांना कुंकू

आमच्या गाडीत किती बटनं आहेत, हे मला कळलं ते मामा वारले त्या दिवशी.

गाडी दारात येऊन आठवडा झाला होता. जुनीच, पण विलायती बनावटीची. अकोल्याच्या एका डॉक्टरांची. किल्ली देताना डॉक्टरांनी सगळी बटनं एका दमात समजावली आणि मीही एका दमात मान हलवली. (मी आठवीला विज्ञान शिकवतो. न समजता मान हलवणारी मुलं मला रोज दिसतात. त्या दिवशी मी त्यांच्या बाकावर जाऊन बसलो.)

पाडव्याला गाडीची पूजा झाली. माझी आई (तिला आम्ही माय म्हणतो) ओलं हळदकुंकू घेऊन गाडीत शिरली, ती अर्ध्या तासानं बाहेर आली. समोरच्या काचेवर बाहेरून मोठ्ठं स्वस्तिक, आणि आत एकूण एक बटनावर कुंकवाचा भरघोस टिळा!

"माय, बटनाले कायले लावलं?"

"एकाले लावायचं, एकाले नाही, बरं दिसते काय?"

मी पुसायला गेलो तर बाबा ओरडले, "गज्या, हात लावू नको! सव्वा महिना राहू दे." बाबांनी जन्मभर ट्रॅक्टर चालवला. ट्रॅक्टरला मोजके दांडे असतात आणि तुमचा हात जिथं जातो तिथंच ते असतात. बटनावर काय काढलंय ते वाचायला लागतं, हे त्यांना पटणारच नव्हतं. त्यामुळे माझ्या गाडीतली सगळी चित्रं कुंकवाखाली गेली.

चैत्रातल्या एका सकाळी रिसोडच्या अलीकडून, मामाच्या गावाहून फोन आला. मामाचा मुलगा रामदास होता. "दादा, बाबा गेले. आत्याले घेऊन या. पण लवकर या, ऊन लय तापून राह्यलं. जास्त वेळ ठेवता येणार नाही."

मामा म्हणजे मायचा एकुलता एक भाऊ. मला दहावीपर्यंत घरी ठेवून घेणारा, सायकलवर पुढच्या दांडीवर बसवून रोज रिसोडच्या शाळेत सोडणारा. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, पण घाम मामाचा. आणि आमच्याकडे बाया स्मशानात जात नाहीत. तिरडी उचलायच्या आत मायला पोचवलं नाही, तर भावाचं तोंड तिला पुन्हा दिसणार नव्हतं.

निघालो. पुढे मी आणि बाबा, मागे माय आणि माझी बायको वैशाली. किन्हीराजा गाव सोडलं तशी गाडी भट्टी झाली.

"एसी लावा ना वो," वैशाली म्हणाली.

लावला. गोल बटनावर थंडाची निळी खूण आणि गरमाची लाल खूण असते. मायच्या कृपेनं दोन्ही खुणा लाल होत्या! मी पूर्ण फिरवलं. जाळीतून वाफ आली.

"हे काय ऊन फेकून राह्यलं?" बाबा ओरडले.

"काच खाली घ्या!" मागून वैशाली.

काचेचं बटन दारावर असावं, अशी माझी भाबडी समजूत. ते निघालं दोन सीटांच्या मधे, चहाचा कप ठेवायच्या खड्ड्यामागे. त्यानंही पुढच्याच काचा उतरल्या, कारण मागच्या काचा बंद ठेवायचं वेगळं बटन माझ्या कोपराखाली होतं आणि ते मी केव्हाच दाबून बसलो होतो. मागे माय पदरानं कधी डोळे पुसत होती, कधी घाम. तिला स्वतःलाही फरक कळत नसावा.

मालेगावात रिसोडकडे वळायचं म्हणून मी उजव्या हातानं दांडी ओढली. इथल्या बहुतेक गाड्यांना वळायचा दिवा उजवीकडे असतो. या गाडीला उजवीकडे वायपर होतं! आधी पाण्याची पिचकारी उडाली, मग दोन्ही वायपर स्वस्तिकावरून फिरले, आणि अख्खी काच लालभडक झाली. समोरचं काही दिसेना. शेजारी येऊन थांबलेल्या मोटारसायकलवाल्यानं आधी काचेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काबे, कोणाले उडवून आला?"

"कुंकू आहे भाऊ ते!"

"बाईले उडवलं?"

मी गाडी कडेला घेतली. बाबांनी डोक्याचा रुमाल सोडून काच पुसायला घेतली. कुंकू जाईना, पसरत गेलं. वैशालीनं पिण्याचं सगळं पाणी ओतलं, तेव्हा कुठं त्या लालीतून रस्ता जेमतेम दिसायला लागला. माय आतून एवढंच म्हणाली, "मले उतरू द्या. मी जातो पायी." त्यावर कोणाला हसू आलं नाही. मला आजही येत नाही.

पुढचा रस्ता मी असा पळवला की बाबांनी समोरची मूठ सोडली नाही. मामाचं गाव दिसायला लागलं आणि फोन वाजला. रामदासच. आवाज बसलेला. "दादा, लय वाट पाह्यली. उचलली आता."

 गरम वारा तेवढा सुरू होता.

गावात जायची वाट अरुंद. एका अंगाला नाला, दुसऱ्या अंगाला काट्यांचं कुंपण. स्मशानाची वाटही तीच. वळण घेतलं आणि समोरून तिरडीच आली. पुढे मडकं धरलेला रामदास, मागे सगळा गाव.

"थांबव! गजू, थांबव!" माय किंचाळली.

मी ब्रेक दाबला. मागून कोणी येऊन धडकू नये म्हणून चारी दिवे लावावेत, असा शहाणा विचार केला. ते बटन लाल असतं, एवढं पक्कं ठाऊक होतं. समोरची सगळीच लाल होती. त्यातलं एक दाबलं. खाली घर्रर्र आवाज झाला, गाडी गचका खाऊन बंद पडली ती पडलीच. ते हँडब्रेकचं बटन होतं! एवढ्या मोठ्या गाडीचा हँडब्रेक, आणि नखाएवढं बटन!

बाबांनी बाहेरून मागचं दार उघडलं. माय पळाली.

खांदेकऱ्यांपुढे प्रश्न पडला. गाडीच्या बाजूनं एकटा माणूस अंग चोरून निघाला असता, तिरडी नाही.

"खाली ठेवा," कोणीतरी म्हणालं.

"मधातच कशी ठेवता? विसावा पिंपळाजवळ राह्यते," एक म्हातारे चिडले.

"पिंपळापर्यंत जाऊ देईल तवा ना हे गाडी!"

म्हाताऱ्यांनी लाल काचेकडे पाहिलं, मायकडे पाहिलं. "ठेवा मंग. आज विसावा इथंच."

तिरडी माझ्या गाडीपुढे टेकवली. रामदासनं तोंडावरचं कापड बाजूला केलं. माय बसली आणि भावाच्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "दादा, पहाय, आलो मी. उशीर झाला रे." मी स्टेअरिंग धरून आत बसलो होतो. लाल काचेतून मला मामा नीट दिसले नाहीत. ते एक बरंच झालं.

माय उठली तसे म्हातारे माझ्या खिडकीशी आले. डोळे पाणावलेले. "गुरुजी, शाबास! मायसाठी तिरडीपुढे गाडी आडवी घातली. शिकेल-सवरेल माणसाचं काळीज राजा! आता घ्या मांगं."

"येत नाही."

"काय येत नाही?"

"मांगं घेता येत नाही. हे बटन निघून नाही राह्यलं. मी मुद्दाम नाही घातली हो आडवी!"

म्हातारे रामदासकडे वळले. (पाय ब्रेकवर दाबून मग ते बटन ओढायचं असतं, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणे.)

"हा पोरायले काय शिकवते?" त्यांनी विचारलं.

"विज्ञान."

मग माणसं मागच्या बाजूला जमली. काहींनी कुंपण मोडलं. मी उतरायला लागलो तर म्हातारे म्हणाले, "तुमी बसूनच राहा. आता काही दाबू नका." जोर एकदम लागावा म्हणून कोणीतरी सवयीनं "राम बोला भाई राम" म्हटलं, आणि त्या तालावर माझी गाडी मागून उचलून कुंपणात सरकवली गेली.

मामाला न्यायला चार खांदे पुरले. मला बाजूला करायला अख्खं गाव लागलं, आणि मी तर जिवंत होतो!